बंद ठेवलेल्या मोटारसायकलच्या कार्ब्युरेटरची देखभाल

अनेक महिने किंवा वर्षे न चालवता उभ्या राहिलेल्या जुन्या मोटारसायकलचे इंजिन पुन्हा सुरू करण्यापूर्वी तिचा कार्ब्युरेटर उतरवणे, सुटा करणे, स्वच्छ करणे, निकामी झालेले भाग बदलणे आणि तो पुन्हा जुळवणे, या कामांचा विचार या लेखात केला आहे. भारतात १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ ही प्रदूषण मानके लागू झाली आणि नव्या दुचाकींवर कार्ब्युरेटरची जागा फ्युएल इंजेक्शनने घेतली. तरीही बुलेट, येझदी, राजदूत, यामाहा आरएक्स १००, हिरो होंडा सीडी १०० यांसारख्या जुन्या गाड्या वाड्यांच्या पडव्यांत आणि इमारतींच्या जिन्यांखाली आजही उभ्या दिसतात. त्यांतील बऱ्याच गाड्यांचे इंजिन धडधाकट असते. केवळ कार्ब्युरेटर चोंदल्यामुळे त्या सुरू होत नाहीत.

अशा कार्ब्युरेटरमध्ये बहुधा काहीही मोडलेले नसते. दोष असतो तो केसाएवढ्या छिद्रांत वाळून बसलेल्या पेट्रोलचा. त्यामुळे हे काम दुरुस्तीपेक्षा स्वच्छतेचे अधिक आहे. कायमचे नुकसान पुष्कळदा गाडी बंद राहिल्याने होत नाही, ते ती सुरू करण्याच्या घाईत होते. तारेने रुंद केलेला जेट किंवा हातोडीच्या ठोक्याने तुटलेला फ्लोटचा खांब पूर्ववत होत नाही, आणि उत्पादन थांबलेल्या गाड्यांचे मूळ भाग सहजासहजी मिळतही नाहीत. मैसूरचा आयडियल जावा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला आणि आरएक्स १०० चे उत्पादनही त्याच वर्षी संपले. या गाड्यांसाठी आज बाजारात मिळणारे जेट पुष्कळदा नकली असतात. त्यांच्यावरील आकडा आणि छिद्राचे प्रत्यक्ष माप जुळेलच याचा भरवसा नसतो. म्हणून जुना पितळी जेट शाबूत असेल तर तो टाकून न देता स्वच्छ करून वापरणे श्रेयस्कर ठरते.

रचना आणि कार्य

इंजिन हवा आत ओढते तेव्हा ती कार्ब्युरेटरच्या मध्येच अरुंद होत जाणाऱ्या नळीतून, म्हणजे व्हेंच्युरीतून, वेगाने वाहते. वेग वाढला की तेथील दाब घटतो आणि खालच्या भांड्यातील पेट्रोल जेटच्या छिद्रातून वर चढून हवेत तुषाररूपाने मिसळते. भांड्यातील पेट्रोलची पातळी फ्लोट आणि टोकदार नीडल व्हॉल्व्ह मिळून सांभाळतात. घराच्या पाण्याच्या टाकीतील तरंगत्या गोळ्याचा नळ ज्या तत्त्वावर चालतो, तेच तत्त्व येथे आहे: पातळी वाढली की फ्लोट वर उचलला जातो आणि नीडल पेट्रोलची वाट बंद करते.

इंजिनाला प्रत्येक वेगाला सारखेच मिश्रण पुरत नाही, म्हणून कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलचे एकापेक्षा अधिक मार्ग असतात. इंजिन मंद फिरत असताना आणि अ‍ॅक्सिलरेटर किंचित उघडलेला असताना पायलट जेट, ज्याला स्लो जेट असेही म्हणतात, पेट्रोल पुरवतो. मधल्या टप्प्यात स्लाइडला लटकवलेली निमुळती सुई पेट्रोलचे प्रमाण ठरवते, तर अ‍ॅक्सिलरेटर जवळजवळ पूर्ण उघडल्यावर मेन जेटचा अंमल सुरू होतो. या मार्गांत पायलट जेटचे छिद्र सर्वांत बारीक, एका मिलिमीटरच्या निम्म्याहूनही कमी व्यासाचे असते आणि साहजिकच तेच सर्वांत आधी बुजते. बंद ठेवलेली गाडी चोक ओढल्यावर सुरू होते आणि चोक सोडताच बंद पडते, या नेहमीच्या तक्रारीचे मूळ बहुधा येथेच असते. चोकच्या मार्गाने जास्तीचे पेट्रोल मिळत असते तोवर इंजिन तग धरते; तो मार्ग बंद झाला की बुजलेल्या पायलट जेटमधून पुरेसे पेट्रोल येत नाही.

भारतातील जुन्या मोटारसायकलींवर मुख्यत्वे सरकत्या स्लाइडचे कार्ब्युरेटर आढळतात. त्यांत अ‍ॅक्सिलरेटरची केबल स्लाइडला थेट वर ओढते. जुन्या बुलेटवर आरंभी अमल हा ब्रिटिश कार्ब्युरेटर असे. ही कंपनी १९२७ मध्ये तीन कार्ब्युरेटर उत्पादकांच्या एकत्रीकरणातून बर्मिंगहॅम येथे उभी राहिली. पुढे बुलेटवर मिकुनीच्या धर्तीचे मिककार्ब आले. ३५० सीसी गाडीवर व्हीएम २४ आणि ५०० सीसी गाडीवर व्हीएम २८. जावा व येझदी या गाड्यांवर मूळ चेकोस्लोव्हाक वंशाचा जिकोव्ह असे. अलीकडच्या काही गाड्यांवर, उदाहरणार्थ रॉयल एनफिल्डच्या कार्ब्युरेटरयुक्त क्लासिक ३५० वर, निर्वात दाबाने चालणारा कार्ब्युरेटर असतो. त्यात केबल स्लाइडला ओढत नाही. एक पातळ रबरी पडदा इंजिनाच्या ओढीनुसार तिला वर उचलतो. हा फरक साफसफाईच्या वेळी फार महत्त्वाचा ठरतो.

उभ्या गाडीतील पेट्रोल

पेट्रोल हे अनेक हायड्रोकार्बनांचे मिश्रण आहे. भांड्यातील पेट्रोल हवेशी संपर्कात राहिले की त्यातील हलके घटक प्रथम उडून जातात. थंड इंजिन पेट घेण्यासाठी नेमके हेच घटक आवश्यक असतात. म्हणून काही महिने जुन्या पेट्रोलवर गाडी किक मारून दमवते. उरलेल्या घटकांचे हळूहळू ऑक्सिडीकरण होऊन प्रथम चिकट डिंक आणि नंतर पिवळसर तपकिरी, लाखेसारखा कडक थर तयार होतो. कार्ब्युरेटरच्या भांड्यात पेट्रोल थोडकेच असते, त्यामुळे टाकीतले पेट्रोल अजून बरे असतानाही भांड्यातले पूर्ण वाळलेले असू शकते.

पेट्रोलमध्येच तेल मिसळून चालणाऱ्या टू-स्ट्रोक गाड्यांत आणखी एक भर पडते. जुन्या येझदीत पेट्रोल उडून जाते आणि तेल मात्र मागे राहते. भांड्याच्या तळाशी ते दाट, काळपट लगद्याच्या रूपात सापडते. आरएक्स १०० किंवा राजदूत ३५० यांच्यासारख्या गाड्यांत तेल स्वतंत्र पंपाने कार्ब्युरेटरच्या पुढे सोडले जाते, त्यामुळे त्यांच्या भांड्यात असा लगदा आढळत नाही.

इथेनॉलमिश्रित पेट्रोलमुळे या प्रश्नाला नवे वळण मिळाले आहे. भारतात २०२२ च्या मध्यास पेट्रोलमधील इथेनॉलचे सरासरी प्रमाण १० टक्क्यांवर पोहोचले आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये २० टक्के मिश्रणाची विक्री सुरू झाली. महाराष्ट्रातील साखर कारखाने हे या इथेनॉलचे एक मोठे उगमस्थान आहे. इथेनॉल हवेतील बाष्प शोषून घेते. कोकणासारख्या दमट प्रदेशात पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या टाकीत हे शोषण मुरते, आणि पाण्याचे प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेले की पाणी व इथेनॉल पेट्रोलपासून विलग होऊन तळाशी बसतात. टाकीचा कॉक तळाशी असल्यामुळे कार्ब्युरेटरमध्ये पहिल्यांदा उतरते ते हेच पाणीदार द्रव्य. त्याच्या सहवासात जस्त व अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूवर पांढरी भुकटी धरते, पितळी जेटवर हिरवट डाग पडतात आणि लोखंडी पिना गंजतात. डिंक विरघळवता येतो. परंतु गंजाने खाल्लेली धातू परत येत नाही. त्यामुळे भांड्यात तपकिरी थर दिसला तर काम सोपे आणि पांढरी भुकटी दिसली तर अवघड, असा ढोबळ अंदाज बांधता येतो.

उतरवण्यापूर्वीची तयारी

हे काम उघड्या, हवेशीर जागेत करावे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचते आणि लांबवर पसरते. देवघरातील दिवा, गॅस गीझर किंवा विजेच्या बटणाची ठिणगीही तिला पुरेशी होते. बंद खोलीत, विशेषतः स्वयंपाकघरालगत, हे काम करणे धोक्याचे आहे. जुने पेट्रोल गटारात ओतू नये आणि दुसऱ्या गाडीत मिसळूही नये.

कार्ब्युरेटर उतरवण्यापूर्वी टाकी तपासणे आवश्यक असते. टाकीच्या आतून गंजाचे पोपडे सुटत असतील तर स्वच्छ केलेला कार्ब्युरेटर थोड्याच अंतरात पुन्हा चोंदतो. अशा वेळी टाकी उतरवून, रिकामी करून धुणे आणि कॉकच्या आतील जाळी साफ करणे हे काम आधी उरकावे. अनेकजण हा क्रम उलटा ठेवतात आणि एकच कार्ब्युरेटर तीन-तीनदा उघडतात.

कॉक बंद करून, भांड्याच्या तळाचा निचरा स्क्रू सैल करून आतले पेट्रोल काचेच्या बरणीत घ्यावे. त्याचा रंग, वास आणि तळाशी बसलेला गाळ पाहिला की पुढे काय वाढून ठेवले आहे हे कळते. कार्ब्युरेटरची बाहेरची धूळ व ओंगण उघडण्याआधीच रॉकेल आणि ब्रशने काढावी, अन्यथा तीच माती आत जाते. प्रत्येक टप्प्यावर भ्रमणध्वनीने छायाचित्र काढून ठेवण्याची सवय आता सर्वत्र रुळली आहे. नळ्यांचा मार्ग आणि केबलची दिशा लक्षात ठेवण्यासाठी तिचा चांगला उपयोग होतो. कार्ब्युरेटर निघाल्यावर इंजिनाच्या उघड्या तोंडात स्वच्छ फडके बसवावे. तेथून आत पडलेला एखादा वॉशर काढण्यासाठी पुढे इंजिन उघडावे लागू शकते.

सुटा करणे

सुटे करताना स्क्रूपासूनच सावधगिरी लागते. जपानी बनावटीच्या कार्ब्युरेटरवरील अधिक चिन्हाच्या खाचेचे स्क्रू नेहमीच्या फिलिप्स स्क्रू ड्रायव्हरशी तंतोतंत जुळत नाहीत. त्यांची खाच जपानी मानकानुसार असते. नेहमीचा स्क्रू ड्रायव्हर त्यातून निसटून वर येतो आणि खाच गोल होते. योग्य मापाचे अवजार नसेल तर जोर न लावता स्क्रूवर गंज सोडवणारे तेल टाकून काही तास थांबावे. जेट पितळेचे म्हणजे मऊ असतात. त्यांच्या खाचेइतकेच रुंद आणि खाचेच्या तळापर्यंत पोहोचणारे पाते असलेला स्क्रू ड्रायव्हर वापरला नाही तर खाचेच्या कडा तुटतात, आणि मग तो जेट काढणे हे स्वतंत्र काम होऊन बसते. घट्ट बसलेल्या जेटसाठी कार्ब्युरेटरचे अंग गरम पाण्यात ठेवून तापवण्याचा उपाय पुष्कळदा लागू पडतो. ज्योतीने तापवणे मात्र सर्वस्वी वर्ज्य आहे.

फ्लोट ज्या पिनेवर झुलतो ती पिन दोन नाजूक ओतीव खांबांमध्ये बसवलेली असते. गाडी बरीच वर्षे उभी असेल तर ही पिन गंजून किंवा डिंकाने जाम होते. पंच लावून तिच्यावर ठोका मारला की खांब तुटतो आणि एरवी निर्दोष असलेला संपूर्ण कार्ब्युरेटर भंगारात जातो. येथे तेल मुरू देणे, गरम पाण्याची ऊब देणे आणि खांबाला विरुद्ध बाजूने आधार देऊन पिन पकडीने हळू दाबणे हाच मार्ग आहे. एका रात्रीत न सुटलेली पिन तिसऱ्या दिवशी सुटू शकते.

हवेचा स्क्रू काढण्यापूर्वी तो हलक्या हाताने पूर्ण आत टेकेपर्यंत फिरवावा आणि किती फेऱ्या झाल्या ते लिहून ठेवावे. हा आकडा म्हणजे पूर्वीच्या मिस्त्रीने केलेल्या जुळणीची नोंद असते. जोराने आवळल्यास त्याचे सुईसारखे टोक आतच तुटते किंवा त्याची बैठक रुंद होते. स्लाइडच्या सुईवर वरच्या टोकाशी काही खाचा असतात आणि त्यांपैकी एकीत बारीक क्लिप असते. ती वरून कितव्या खाचेत होती याचीही नोंद ठेवावी. क्लिप वरच्या खाचेत गेली की सुई खाली उतरते व मिश्रणात पेट्रोल कमी होते, खालच्या खाचेत गेली की पेट्रोल वाढते.

स्वच्छता

सर्व रबरी भाग, म्हणजे ओ-रिंग, गॅस्केट, रबरी टोकाची नीडल आणि निर्वात दाबाच्या कार्ब्युरेटरमधील पडदा, आधी वेगळे काढून ठेवावेत. कार्ब्युरेटर साफ करण्याच्या फवाऱ्यातील तीव्र द्रावके रबर फुगवतात. फुगलेला पडदा पुन्हा खोबणीत बसत नाही आणि त्याला सुईच्या अग्राएवढे भोक पडले तरी स्लाइड पुरेशी वर चढत नाही. गाडी सुरू होते पण वेगच घेत नाही.

धातूचे भाग द्रावकात काही तास बुडवून ठेवले की डिंकाचा थर सैल होतो. रॉकेलने तेल आणि मळ निघतो, पण लाखेसारखा जुना थर त्याला दाद देत नाही. त्यासाठी कार्ब्युरेटर क्लीनरच लागतो. काही कार्यशाळांत श्राव्यातीत ध्वनिलहरींच्या टाकीत हे भाग धुतात आणि आतल्या वळणदार वाटांसाठी ती पद्धत सर्वांत परिणामकारक आहे. कॉस्टिक सोडा अ‍ॅल्युमिनियम व जस्त दोन्ही खातो, म्हणून तो या कामी कदापि वापरू नये. लिंबू किंवा व्हिनेगरमध्ये कार्ब्युरेटर उकळण्याचा घरगुती उपाय सांगितला जातो; आम्लाने डाग निघतात हे खरे, परंतु जरा वेळ अधिक झाला की धातूचा पृष्ठभाग खडबडीत होतो.

सर्वाधिक चुका जेटच्या छिद्राशी होतात. गॅरेजमध्ये जुन्या क्लच केबलची एक तार सुटी करून ती जेटमधून आरपार घालण्याची पद्धत सर्रास आढळते. ही तार पोलादी असते आणि जेट पितळेचा. प्रत्येक वेळी ती छिद्राची कड थोडी खरवडते. छिद्राचा व्यास ०.४० मिलिमीटरवरून ०.४४ मिलिमीटर झाला, तर डोळ्यांना काहीच फरक दिसत नाही. परंतु छिद्राचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने ते २१ टक्क्यांनी वाढते. मग गाडी पेट्रोल जास्त खाते, धूर सोडते, प्लग काळा होतो, आणि दोष पुन्हा अस्वच्छतेचा समजून पुन्हा तार फिरवली जाते. द्रावकाने भागत नसेल तर विजेच्या लवचीक वायरमधील तांब्याचा एक बारीक धागा किंवा ब्रशचा नायलॉनचा केस वापरावा. स्वच्छ झालेला जेट आकाशाकडे धरून पाहिला की छिद्र काठोकाठ गोल आणि प्रकाशमान दिसले पाहिजे. किंचित लंबगोल किंवा झालरीसारखी कड दिसली तर आत थर शिल्लक आहे.

जेट निघाले म्हणजे स्वच्छता पूर्ण झाली असे मात्र नाही. कार्ब्युरेटरच्या अंगात कोरलेल्या आडव्या-उभ्या वाटा दिसत नाहीत, आणि खरा अडथळा पुष्कळदा त्यांतच दडलेला असतो. पायलट जेटच्या रिकाम्या जागेत फवारा सोडल्यावर तो स्लाइडच्या खालच्या कडेजवळ, नळीच्या तळाशी असलेल्या एक-दोन सूक्ष्म छिद्रांतून धारेने बाहेर आला पाहिजे. त्याचप्रमाणे हवेच्या स्क्रूच्या मार्गातूनही आला पाहिजे. धार तिरपी किंवा थेंबाथेंबाने येत असेल तर भाग पुन्हा भिजत घालावा. शेवटी दाबाची हवा मारून सर्व वाटा कोरड्या करतात. पंक्चरच्या दुकानातील कंप्रेसर त्यासाठी पुरेसा असतो. फ्लोट जागेवर असताना हवा मारू नये, त्याने फ्लोट चेपू शकतो. फवारा अनपेक्षित छिद्रातून थेट डोळ्यांत उडतो, त्यामुळे चष्मा लावणे आवश्यक आहे.

फ्लोट आणि पेट्रोलची पातळी

पितळी फ्लोट कानाशी हलवून पाहावा. आत पेट्रोल शिरले असेल तर ते खळखळते. गरम पाण्यात बुडवल्यास फटीच्या जागी बुडबुडे येतात. डाग देऊन ती फट बुजवता येते, मात्र डागाच्या वजनाने फ्लोट जड होतो, म्हणून शिसे-कथिल अगदी थोडके वापरावे. नीडलच्या टोकावर गोलाकार खाच पडली असेल तर ती बदलावी. तिची पितळी बैठक कापसाच्या काडीने पुसून चकचकीत करावी, पॉलिश पेपरने घासू नये.

फ्लोटची उंची मोजताना कार्ब्युरेटर तिरका धरतात, जेणेकरून फ्लोटची जीभ नीडलच्या स्प्रिंगयुक्त टोकाला नुसती टेकेल, तिला दाबणार नाही. गॅस्केट काढलेल्या पृष्ठभागापासून फ्लोटपर्यंतचे अंतर त्या गाडीच्या पुस्तिकेतील मापाशी ताडून पाहतात आणि फरक असल्यास जीभ अगदी किंचित वाकवतात. पातळी कमी राहिली तर मिश्रण पेट्रोलविना कोरडे होते, जास्त झाली तर पेट्रोल वाहू लागते.

नीडल नीट बसत नसेल तर त्याचे परिणाम केवळ पेट्रोल गळण्यापुरते राहत नाहीत. कॉक उघडा राहिल्यास रात्रभरात पेट्रोल इंजिनात उतरू शकते. फोर-स्ट्रोक इंजिनात ते सिलिंडरमधून खाली झिरपून तेलात मिसळते आणि तेल पातळ होते. तेलाला पेट्रोलचा वास येत असेल तर ते बदलल्याशिवाय इंजिन फिरवू नये. सिलिंडर द्रवाने भरलेला असताना जोराने किक मारल्यास द्रव दाबला जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. बाहेर गळणारे पेट्रोल तापलेल्या इंजिनावर पडले तर आगीचा धोका असतो, हे वेगळे सांगायला नको.

जुळणी

नवीन ओ-रिंग आणि गॅस्केट बसवून भाग उलट क्रमाने जोडतात. इथेनॉलमिश्रित पेट्रोलला टिकणारे रबर निवडावे. जुन्या प्रकारच्या रबरी नळ्या त्यात मऊ पडून फुगतात. जेट बेताने आवळावेत. पितळ मऊ असते आणि अंगातील आटे त्याहूनही कच्चे असतात.

स्लाइड बसवताना तिच्या खालच्या कडेला असलेला तिरपा काप एअर फिल्टरच्या बाजूस यावा लागतो. ती उलटी बसली तर इंजिन सुरू होताच भरधाव फिरू लागते आणि वेग उतरत नाही. म्हणून प्लगची टोपी जोडण्यापूर्वी अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण फिरवून सोडावा. स्लाइड खटकन खाली पडल्याचा आवाज आला पाहिजे. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवूनही हेच करून पाहावे, कारण अयोग्य मार्गाने गेलेली केबल वळणावर ताणली जाते. ही तपासणी एका मिनिटाची आहे आणि ती टाळण्याला कोणतेही कारण पुरेसे नाही.

दोन किंवा अधिक कार्ब्युरेटर असलेल्या गाड्या

राजदूत ३५० ही यामाहा आरडी ३५० वर आधारलेली दोन सिलिंडरची टू-स्ट्रोक गाडी एस्कॉर्ट्स कंपनीने १९८० च्या दशकात भारतात आणली. तिला दोन कार्ब्युरेटर आहेत. १९६९ च्या होंडा सीबी ७५० ला चार होते. अशा गाड्यांत एका कार्ब्युरेटरचे सर्व भाग एका ताटलीत ठेवून तो पूर्ण जुळवल्यावरच दुसरा उघडावा. प्रत्येक स्लाइड आपापल्या नळीत झिजलेली असते, तिची अदलाबदल झाल्यास ती अडकू शकते.

दोन्ही स्लाइड एकाच क्षणी आणि सारख्याच उचलल्या जाणे येथे महत्त्वाचे असते. एक सिलिंडर दुसऱ्याला ओढू लागला की गाडी मंद वेगात थरथरते आणि एकाच्या वाट्याला अधिक ताप येतो. स्लाइडच्या कार्ब्युरेटरवर ही जुळणी साध्या उपायाने करता येते: दोन्ही स्लाइडखाली सारख्याच जाडीच्या तारा ठेवून केबलची लांबी अशी बदलायची की अ‍ॅक्सिलरेटर फिरवताच दोन्ही तारा एकदमच सैल होतील. फोर-स्ट्रोक गाड्यांत निर्वात दाबमापक जोडून हे काम अधिक अचूक होते. राजदूत ३५० मध्ये अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलला तिसरा फाटाही असतो, तो तेलाच्या पंपाकडे जातो. कार्ब्युरेटरच्या केबल हलवल्या आणि पंपावरील खूण पुन्हा जुळवली नाही, तर वेग वाढवूनही तेल पुरेसे पोहोचत नाही आणि पिस्टन जाम होतो. आवाजावर कान ठेवून केवळ कार्ब्युरेटर जुळवणाऱ्या कारागिराच्या हातून ही चूक विशेषेकरून घडते.

पहिल्यांदा सुरू करताना

प्लग काढून, सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडून हाताने किंवा सावकाश किकने इंजिन फिरते का हे आधी पाहतात. टाकीत ताजे पेट्रोल थोडेच घालावे, कॉक उघडून पंधरा-वीस मिनिटे कार्ब्युरेटरखाली कोरडा कागद ठेवावा. कागदावर डाग पडला नाही तरच पुढे जावे.

हवेचा स्क्रू नोंदवलेल्या फेऱ्यांवर ठेवून इंजिन सुरू करतात. नोंद नसल्यास सुमारे दीड फेरीपासून आरंभ करता येतो. अंतिम जुळणी इंजिन पुरते तापल्यावरच करावी. येथे एक गोंधळ नेहमी होतो. हा स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचे प्रमाण ठरवतो आणि बाहेर काढल्यास मिश्रण पातळ होते. तो इंजिनाच्या बाजूला असेल तर तो मिश्रणाचे प्रमाण ठरवतो आणि बाहेर काढल्यास पेट्रोल वाढते. एकाच सल्ल्याचा दोन गाड्यांवर उलटा परिणाम होतो तो यामुळे.

प्लगच्या रंगावरून मिश्रण ओळखण्याची जुनी रीत आहे: विटकरी तपकिरी रंग योग्य, काळा म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरा म्हणजे कमी. शिसेविरहित पेट्रोलवर हा रंग पूर्वीपेक्षा फिकट उमटतो, त्यामुळे ही खूण आता पूर्वीइतकी विश्वसनीय राहिलेली नाही. इथेनॉलचाही येथे परिणाम होतो. एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते, इथेनॉलला सुमारे ९ ग्रॅमच. म्हणून जुन्या शुद्ध पेट्रोलसाठी निवडलेला जेट मिश्रित इंधनावर काहीसे पातळ मिश्रण देतो. जे टू-स्ट्रोक इंजिन पेट्रोलबरोबरच तेल घेते, त्यात पेट्रोल कमी पडले की वंगणही कमी पडते. पातळ मिश्रणावर दीर्घकाळ भरधाव चालवणे अशा इंजिनाला परवडत नाही.

कार्ब्युरेटरबाहेरचे दोष

स्वच्छ व जुळवलेल्या कार्ब्युरेटरनेही गाडी ताळ्यावर येत नसेल तर दोष अन्यत्र शोधावा. कार्ब्युरेटर व इंजिन यांमधील रबरी जोड उन्हाने तडकतो आणि तेथून जास्तीची हवा आत शिरते. चालू इंजिनाच्या या जोडावर साबणाचे पाणी शिंपडले आणि इंजिनाचा आवाज बदलला, तर गळती तेथेच आहे असे समजावे. ज्वालाग्राही फवारा वापरून ही परीक्षा करण्याची पद्धत धोक्याची आहे. टू-स्ट्रोक गाड्यांत क्रँकशाफ्टच्या टोकांची रबरी सीलही उभ्या उभ्या कडक होतात. त्यांपैकी एक सील गेली तर हवा आत येते, गिअरबॉक्सकडील गेली तर तेथील तेल जळून पांढरा धूर निघतो. हे दोष कार्ब्युरेटर कितीही वेळा उघडला तरी जात नाहीत. उंदरांनी एअर फिल्टरच्या डब्यात केलेले घरटे हाही दुर्लक्षित राहणारा, पण वारंवार आढळणारा दोष आहे.

पुन्हा बंद ठेवताना

गाडी महिनाभराहून अधिक उभी राहणार असेल तर कॉक बंद करून भांड्यातील पेट्रोल निचरा स्क्रूने काढून टाकावे. कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालवण्याचीही रीत आहे, परंतु त्याने भांडे पूर्ण रिकामे होत नाही. तळाशी उरलेले थोडके पेट्रोलच पुढे वाळते. टाकी एकतर काठोकाठ भरावी किंवा पूर्ण रिकामी करून आतून तेलाचा हात फिरवावा, कारण अर्धवट भरलेल्या टाकीत बाष्प धरून वरच्या भागात गंज चढतो. दर पंधरवड्याला दोन मिनिटे इंजिन चालवून बंद करण्याने उपयोग होतो असा समज आहे; तेवढ्या वेळात इंजिन पुरते तापत नाही, आत पाणी धरते आणि भांडे मात्र दर वेळी ताज्या पेट्रोलने भरून ठेवले जाते.